गाडीच्या चाकाएवढं वर्ष : उपासनेचे काळ हातांनी पाळायला सुरुवात कशी करावी

भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हाची गोष्ट. शेजारच्या कॅथलिक मावशी रविवारी मिस्सा, म्हणजे त्यांची चर्चमधली उपासना, आटोपून आल्या की मी त्यांना हमखास विचारायची, "मावशी, आज फादरचा झगा कोणत्या रंगाचा?" कधी जांभळा, कधी हिरवा, वर्षातून दोनदा गुलाबी. आमच्या मंडळीत पाळकांचा सदरा बारा महिने पांढराच. सण म्हणाल तर नाताळ, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार आणि ईस्टर. मधले सगळे रविवार एकासारखे एक. मावशींच्या वर्षाला मात्र चढउतार होता, आणि मला त्याचा हेवा वाटायचा.

पुढे नंदुरबारकडे आलो, शब्बाथशाळा, म्हणजे मंडळीतल्या मुलांचा बायबलचा वर्ग, माझ्या गळ्यात पडली, आणि मुलांना घेऊन मी चर्चच्या वर्षातले हे उपासनेचे काळ हातांनी पाळायला लागले. हातांनी म्हणजे खरोखर हातांनी : माती, सुई, गेरू, शिंदीचं पान. त्या पंधरा-सोळा वर्षांत जे जमलं आणि जे फसलं ते इथे सांगते. तुम्ही कॅथलिक असाल तर काळांची नावं ओळखीची असतील, हातचं काम नवं वाटेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनी काम सुरू केलं, त्या परंपरेतल्या मंडळीतून येत असाल तर दोन्ही नवं वाटेल. चालेल.

"मला चित्र येत नाही," हे मला दर वर्षी कुणीतरी सांगतं. पोळ्या लाटता येतात ना? बस.

आधी चाक काढा

एक फुलस्केप वही घ्या. पहिल्या पानावर ताटली ठेवून मोठं वर्तुळ काढा, आत वाटीचं दुसरं, त्याच्या आत बांगडीचं तिसरं. बैलगाडीच्या चाकासारखं दिसेल : बाहेर धाव, मध्ये आरे, आत तुंबा. धावेवर बारा महिने आणि त्या त्या महिन्यात तुमच्या शिवारात काय चाललेलं असतं ते लिहा. कापसाची वेचणी, दादर (रब्बी ज्वारी) हुरड्यावर, पळस फुलला, महू पडायला लागले, मृग, पोळा. शहरात राहत असाल तर बाजारात काय येतं ते लिहा, भरताची वांगी आणि बोरंसुद्धा चालतील.

मधल्या कड्यात उपासनेचे काळ रंगवायचे. वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या मध्ये जो रविवार येईल त्या दिवशी, आगमनकाळ सुरू होतो. 2026 मध्ये तो 29 नोव्हेंबरला आहे. हा काळ जांभळा. 25 डिसेंबरपासून पांढरा. 6 जानेवारीला प्रकटीकरणाचा सण, पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचा. मग थोडे हिरवे आठवडे, मग राखेच्या बुधवारपासून पुन्हा जांभळा, तो ईस्टरआधीचा उपवासकाळ. ईस्टरपासून पन्नास दिवस पांढरा, पन्नासाव्या दिवशी पेन्टेकॉस्टचा, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाचा, लाल, आणि नंतर सरळ नोव्हेंबरपर्यंत हिरवाच हिरवा. गुलाबी झगा आगमनकाळाच्या तिसऱ्या आणि उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी. मावशींनी सांगितलेलं एवढं वाक्य माझ्या चाकात पहिलं गेलं.

ईस्टर दर वर्षी का हलतो, असं मुलं विचारतात. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो 22 मार्च ते 25 एप्रिलमध्ये कुठेही पडतो. आपल्याकडे हे समजायला सोपं आहे. ती पौर्णिमा बहुधा हनुमान जयंतीची असते, एखाद्या वर्षी होळीची. 2026 मध्ये हनुमान जयंतीमागून 5 एप्रिलला ईस्टर आला, 2027 मध्ये होळीच्या पुनवेमागून 28 मार्चला येतो. आमच्या वर्गातल्या एका मुलाने हे ऐकून घरी आजीला सांगितलं आणि आजीने बोटांवर मोजून पुढच्या वर्षीचा ईस्टर काढला. तिला वही लागली नाही.

सगळ्यात आतल्या कड्यात तुमच्या घरच्या तारखा : लग्नाचा दिवस, बाप्तिस्मा, कुणाचं जाणं. तुंब्यात काही लिहू नका. तो मोकळाच ठेवा.

ही तीन कडी एकमेकांशेजारी आली की गंमत दिसते. युरोपात उपवासकाळ म्हणजे बर्फ वितळून पालवी फुटण्याचे दिवस, तिथली चित्रं आणि गीतं त्या हवेची. आपल्याकडे त्याच आठवड्यांत झाडं पानं टाकतात, विहिरी खाली जातात, आणि उघड्याबोडक्या सातपुड्यावर पळस पेटतो. पेन्टेकॉस्टनंतरचा हिरवा काळ मात्र आपल्याला अगदी अंगाबरोबर बसतो, कारण पाठोपाठ मृग लागतो.

रोजची वीस मिनिटं

काळाची कामं नंतर. आधी रोजची बैठक बसली पाहिजे. नाहीतर सगळं नुसतं सजावटीवर जातं.

बाराव्या शतकात गिगो नावाच्या एका कार्थुसियन मठवासीने प्रार्थनेची चार पायऱ्यांची शिडी लिहून ठेवली : वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग शांत बसणं. मी नवख्यांना तीच देते, फक्त मननाच्या जागी पेन्सिल देते. नळाला पाणी यायच्या आधी किंवा रात्री भांडी झाल्यावर, रोज एकच वेळ ठरवा. पाच-सहा ओव्यांएवढा लहान उतारा घ्या आणि मोठ्याने दोनदा वाचा. मनात वाचलेलं मन पळवून नेतं. कानाने ऐकलेलं थोडं थांबतं. मग दहा मिनिटं त्या उताऱ्यातल्या जागेचं चित्र काढा. खोडरबर वापरायचा नाही, हा एकच कडक नियम. इग्नाशियस लोयोला सोळाव्या शतकात आपल्या शिष्यांना हेच डोळे मिटून करायला लावायचे : जागा उभी करा, रस्ता किती रुंद, घर किती उंच, कोण कुठे उभं, आणि त्यात मी कुठे. आपण ते कागदावर करतो एवढंच.

योहानाचा चौथा अध्याय घ्या. शोमरोनी बाई विहिरीवर येते. दुपारची वेळ, असं तिथे लिहिलंय. वाचताना हे शब्द सटकन निघून जातात. काढायला बसलं की सावली कुठे पाडायची हा प्रश्न येतो, आणि मग कळतं, दुपारी सावली पायाखालीच असते. मे महिन्यात भरदुपारी आपल्याकडे कोण बाई पाण्याला जाते? जिला सकाळच्या बायकांची तोंडं बघायची नसतात ती. आमच्या गटातल्या एका बाईंनी विहीर काढली, घागर काढली, आणि पाणवठ्याच्या वाटेवर सकाळच्या पावलांचे ठसे काढले. कितीतरी. त्यांना चित्रकला येत नाही, त्या स्वतः सांगतात.

आणखी एक. तेविसावं स्तोत्र काढायला सांगितलं की पोरं निळ्या डोळ्यांचा, खांद्यावर पांढरंशुभ्र कोकरू घेतलेला मेंढपाळ काढतात, कॅलेंडरवर बघितलेला. त्यांना म्हणते, साक्री-शिंदखेड्याकडून ठेलारी मेंढपाळ उतरतात ते बघितलेत ना? डोक्याला काय असतं? कुत्रा कुठे चालतो? घोड्यावर काय लादलेलं असतं? दुसऱ्यांदा काढलेल्या चित्रात मेंढ्या काळ्या-तपकिरी होतात, मेंढपाळाच्या पायात वहाणा येतात.

यात नवं काही नाही. गोव्यात जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका (1902–1967) शांतिनिकेतनात शिकले, पुण्याच्या ख्रिस्तप्रेमसेवा आश्रमात राहिले आणि मरियेला साडी नेसवून रंगवत राहिले. त्या काळात अनेकांना ते रुचलं नाही. त्यांची चित्रं मुलांना जरूर दाखवा, पण नक्कल करायला लावू नका. त्यांची मरिया त्यांच्या डोळ्यांपुढची होती. तुमची नवापूरच्या स्टँडवर बाळ घेऊन बसलेली असेल.

चित्र झालं की त्याच्याकडे बघत देवाशी बोला. मोठी प्रार्थना नको, शेजारणीशी बोलाल तसं. शेवटची तीन-चार मिनिटं गप्प. झोप लागली तरी रागावू नका, मलाही लागते.

आगमनकाळ : वाट बघायचं काम

चार मेणबत्त्यांचं आगमनचक्र हल्ली सगळीकडे दिसतं. त्याची सुरुवात 1839 मध्ये जर्मनीत हाम्बुर्गला झाली. योहान हिनरिख विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांसाठी घर चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलांनी त्यांचं डोकं खाल्लं. त्यांनी गाडीचं जुनं लाकडी चाक टांगलं, रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या लावल्या. सदाहरित फांद्यांचं गोल कडं नंतर आलं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. चाक तर आपलंच!

मी पहिल्या वर्षी उत्साहाने पऱ्हाटीच्या काड्या वळवून चक्र बांधलं, मध्ये वाळलेली बोंडं, चार मेणबत्त्या. दिसायला सुरेख. तिसऱ्या रविवारी कुणीतरी पंखा वाढवला, ज्योत वाकली, आणि पऱ्हाटीने पेट घेतला. एका मुलाने माठ आणून ओतला म्हणून टेबलक्लॉथवरच भागलं. तेव्हापासूनची पद्धत सांगते. मातीची परात किंवा जुनं पितळी ताट घ्या. त्यात दोन बोटं नदीची वाळू भरा. चार दिशांना चार पणत्या वाळूत दाबून बसवा, मध्ये पाचवी मोठी, ती नाताळची. वाती घरच्या कापसाच्या, तेल शेंगदाण्याचं किंवा तिळाचं. नव्या पणत्या आदल्या रात्री पाण्यात बुडवून वाळवा, नाहीतर त्याच तेल पितात. बोंडं-पानं ताटाच्या बाहेर, हातभर लांब. पहिल्या रविवारी एक पणती, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चारही.

पण पणती लावणं हे पाच मिनिटांचं काम. आगमनकाळाचं खरं काम म्हणजे वाट बघणं, आणि ते खानदेशाला शिकवायची गरज नाही. डिसेंबरात कितीतरी घरांत पुढची खोली कापसाने छतापर्यंत भरलेली असते. भाव चढेल म्हणून ठेवलेला. त्याच खोलीत झोपायचं, पोरांच्या अंगाला खाज सुटलेली, आणि रोज मोबाइलवर भाव बघायचा. एका वर्षी मी मुलांना सांगितलं, घरात ज्याची वाट बघताय ते एका कापडाच्या चिंधीवर कोळशाने लिहून आणा. कापसाचा भाव. ताईचा निकाल. सुरतेला गेलेले पप्पा. चिंध्या त्या ताटाभोवती ठेवल्या. त्या रविवारी पाळकांचं प्रवचन मला काही आठवत नाही, चिंध्या आठवतात.

गव्हाणीसाठी गहू पेरायचा असेल तर 13-14 डिसेंबरला पेरा. आपल्याकडे थंडीत उगवण हळू होते, वीतभर व्हायला अकरा-बारा दिवस लागतात. गहू रात्रभर भिजवा, पसरट टोपलीत पोयट्याची माती, वर पातळ शेणखत, सकाळी हलकं पाणी, दिवसा ऊन. शेजारणी विचारतात, "घट बसवले का?" हसून सांगायचं, तुमच्याकडे आश्विनात, आमच्याकडे पौषाच्या आसपास. गव्हाणीचं दृश्य मांडायची प्रथा असिसीच्या फ्रान्सिसने 1223 मध्ये ग्रेच्चो गावी सुरू केली. त्याने तिथे खरा बैल, खरं गाढव आणि खरा चारा ठेवला होता. आपल्याला 'गव्हाणी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गोठ्यात जाऊन एकदा बघून यायचं, बैलाच्या श्वासाने कडबा किती गरम होतो ते. झालं पाठांतर.

नाताळ ते प्रकटीकरण हे बारा दिवस कॅरल, फराळ, पाहुण्यांत जातात, जाऊ द्या. 6 जानेवारीला दारापुढे रांगोळीने तारा काढा आणि येणाऱ्याजाणाऱ्यासाठी आशीर्वादाची एक ओळ लिहा. पुरे.

वडीलजन काय म्हणतील

म्हणतील. आमच्याकडे एका आजींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "हाई काय शे वं माय?" आणि एका वडीलजनांनी दहा आज्ञांतली कोरीव मूर्तीची आज्ञा काढली. वाद घालू नका. निर्गमचा एकतिसावा अध्याय एकत्र वाचा. देव बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरतो, आणि कशासाठी, तर सोनं, रुपं, पितळ, रत्नं, लाकूड यांत कसबाचं काम करण्यासाठी. त्यानंतर त्यांना एखादं काम द्या. ज्या वडीलजनांनी हरकत घेतली होती त्यांचा हात बांबूच्या कामट्या तासायला उत्तम चालतो. आता नाताळचा तारा तेच बांधतात, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

एक मर्यादा मीही पाळते. कानबाई, गुलाबाई ही आमच्या शेजाऱ्यांची दैवतं. त्यांच्या गाण्यांची चाल कानावर असते, ती आपल्या गीताला लागली तर लागली, चाली सगळ्यांच्याच असतात. पण त्यांच्या पूजेतली मांडणी उचलून आपल्या वेदीवर आणणं मला पटत नाही. पाहुणचाराला जाऊन ताट उचलून आणण्यासारखं वाटतं.

उपवासकाळ : चाळीस तुकड्यांची गोधडी

सगळ्या वर्षात मला सर्वांत प्रिय हेच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत रविवार वगळून मोजा. पहिले चार दिवस, मग सहा आठवडे रोजचे सहा. बरोबर चाळीस. रविवार उपवासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस. म्हणून चाळीस तुकडे, आणि रविवारी सुईला सुट्टी. 2027 मध्ये राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला आहे, तेव्हा जानेवारीतच जुने कपडे काढून धुऊन ठेवा.

सात इंचाचा चौकोनी पुठ्ठा कापा, तोच साचा. सुती कापडच घ्या; टेरिकॉट सुईला त्रास देतं आणि घाम पीत नाही. चारही बाजूंना अर्धा इंच शिवणीत जाईल, म्हणजे तुकडा सहा इंचाचा उरेल. आडवे पाच, उभे आठ. तयार गोधडी अडीच फूट बाय चार फूट, बाळाच्या मापाची.

रोज सकाळी एक तुकडा निवडायचा आणि एक नाव. तो तुकडा शक्यतो त्या माणसाच्या कपड्याचाच असावा, नसेल तर त्याची आठवण देणारा. हाताने धावदोरा घालत आदल्या दिवशीच्या तुकड्याला जोडायचा. पंधरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ त्या माणसासाठी प्रार्थना. शब्द सुचले नाहीत तर टाका हीच प्रार्थना. मशीनवर चाळीस तुकडे एका दुपारी होतील. करू नका.

पहिले दहा-बारा दिवस सोपे जातात, आपली माणसं असतात. मग नावं संपतात. इथे काम सुरू होतं. दूधवाला, पोरांच्या बाई, फाटकावरचा गेटमन. एका वर्षी बांधावरून ज्यांच्याशी आमचं बोलणं बंद होतं त्या घराचं नाव मी पाच दिवस टाळलं. तुकडा कापून डब्यात पडलेला, निळ्या चौकड्यांचा. सहाव्या दिवशी जोडला, आणि खरं सांगायचं तर मन काही निवळलं नाही. टाके वेडेवाकडे आले. तसेच ठेवले. पुढे वर्षभर गोधडीच्या घडीत तो कोपरा ओळखू यायचा.

मुलांसोबत करत असाल तर प्रत्येकाला स्वतंत्र गोधडी झेपत नाही. दहा मुलं, प्रत्येकी चार तुकडे, वर्गाची मिळून एक. मुलगे "हे बायकांचं काम" म्हणतील. त्यांना विचारा, तंबू शिवणारा पौल कोण होता.

चाळिसावा तुकडा पवित्र शनिवारी. तो कोरा पांढरा ठेवतात आमच्याकडे, कुणाच्याच नावाचा नाही. ईस्टरनंतर आत जुन्या धोतराचे दोन थर, खाली लुगड्याचं अस्तर, आणि लांब सुईने कडेकडून आत फिरत फिरत टाचायला घ्यायचं. त्याला पन्नास दिवस आहेतच. पेन्टेकॉस्टला ती ओळखीपाळखीच्या, पण नात्यातल्या नव्हे अशा एखाद्या नव्या बाळाला द्यायची. मेमध्ये खानदेशात गोधडी द्यायची म्हणजे लोक तोंडाकडे बघतात! पण झोळीत खाली घालायला सुती गोधडीइतकं गार काही नाही, आयांना ते कळतं.

काळाचा रंग जांभळा, पण इथे फेब्रुवारी-मार्चमध्ये जांभळं काही उगवत नाही. वेदीवर जांभळा कपडा घाला आणि शेजारी पळसाची डहाळी ठेवा. पडलेली फुलं वेचून वाळवा, पाण्यात उकळा. केशरी रंग निघतो, तो जलरंगासारखा कागदावर चालतो.

पवित्र आठवडा आणि ईस्टर

झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या योहानाने खजुरीच्या म्हटल्यात. आपल्याकडची शिंदी ही खजुरीचीच सख्खी बहीण, तेव्हा नारळाच्या पात्या नाशिकहून मागवायचं काही कारण नाही. काटे मात्र लागतात, पानाच्या बुडाशी असतात ते आधी कोयत्याने छाटून घ्या. उपासनेनंतर पातीचा क्रूस विणून दारामागे खोचा, वर्षभर राहू द्या. पुढच्या राखेच्या बुधवारी याच वाळक्या झावळ्या जाळून राख करायची, ही पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेतली जुनी रीत. एका पातीला वर्षभराचं आयुष्य.

उत्तम शुक्रवारी बारा ते तीन येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना असते. मार्च-एप्रिलचं ऊन, वर पत्रे, आणि "मला तहान लागली आहे" हा पाचवा उद्गार साधारण दोनच्या सुमाराला येतो. त्या वेळी हातात काही काम ठेवू नका. वही मिटून ठेवा. आम्ही फक्त पुढे एक रिकामा तांब्या ठेवतो.

ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात जातात. मेणबत्त्या आठवडाभर आधी आणल्या असतील तर त्या माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या आमच्या मेणबत्त्या एका वर्षी केळीच्या घडासारख्या वाकल्या होत्या. तशाच लावल्या, दुसरं करणार काय.

लाल दिवस आणि हिरवं अर्ध वर्ष

पेन्टेकॉस्टचा लाल रंग मुलांसमोर तयार करा. ताटलीत हळद कालवा, पिवळीजर्द. त्यात चिमूटभर ओला चुना टाका. बघता बघता लाल होते. कुंकू असंच होतं हे आज्यांना माहीत असतं, मुलांना नसतं. चुन्याला हात मोठ्यांनीच लावावा.

त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या भाषेत देवाची थोर कृत्यं ऐकली, असं प्रेषितांची कृत्ये सांगतं. आमच्या छोट्या मंडळीत त्या दिवशी अहिराणी, मावची, पावरी, भिली, लेवा बोली, गुजराती, हिंदी एवढ्या भाषांत प्रभूची प्रार्थना म्हणता येते, आणि एरवी सगळे प्रमाण मराठीत अवघडून प्रार्थना करतात. तेव्हा पुढच्या हिरव्या सहा महिन्यांचं एकच काम ठेवा : आपल्या बोलीत स्वतःच्या दोन ओळी, आठवड्याला एकदा. कवी व्हायचं नाही. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले आणि 1616 मध्ये मराठी ओवीत ख्रिस्तचरित्र छापून गेले, दहा हजारांहून जास्त ओव्या. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाला ख्रिस्ताकडे वळवलं. आणि आपल्या जळगावशेजारच्या आसोद्याच्या बहिणाबाई (1880–1951), त्या अक्षरओळख नसताना जात्यावर, शेतात जे जुळेल ते म्हणत गेल्या. त्यांचा धर्म वेगळा, पण कामातून शब्द काढायची त्यांची रीत आपण शिकावी. निंदताना, भाकरी थापताना, एस.टी.त. सुचलं की मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. लिहायला बसलात की पुन्हा पुस्तकी मराठी होते.

हा काळ लांब आहे, मध्येच कंटाळा येतो. येऊ द्या, पिकालाही मध्ये नुसतं उभं राहावं लागतं. कापणीच्या सणाला केळीचा घड, दुधी, ज्वारीची कणसं पुढे ठेवून लिलाव होतो, तेव्हा तुमच्या दोन ओळी कागदावर लिहून त्या टोपलीत टाका. आमच्याकडे एकदा एका आजोबांनी घडाला बोली लावली आणि चिठ्ठी ठेवून घेऊन घड परत केला.

2 नोव्हेंबरला मृतांचा दिवस. आदल्या रविवारी विळा-खुरपी घेऊन कबरस्तानात गवत काढायला जा. पावसाळ्यानंतर तिथे कमरेएवढं वाढलेलं असतं, साप असतो, पायात बूट घाला. ज्यांच्या कबरीला येणारं कुणी उरलेलं नाही त्या आधी साफ करा. परत येताना पणत्या किती लागतील ते मोजून कुंभाराला सांगून ठेवा. दिवाळीनंतर तो नव्या करत नाही, आणि आगमनकाळ चार-पाच आठवड्यांवर आलेला असतो.